सरपंचाचा वळसा

खाट गेली, पण सरपंचाला ते कुणी सांगितलंच नाही.

सरपंच म्हणजे ससा. पांढरा, अंगाने भरलेला, कानांच्या टोकांना राखाडी. उजव्या डोळ्यावर दुधाची साय धरावी तसा पडदा, आणि डाव्याला दिसायचं ते नुसता उजेड आणि सावली. कैलाशने त्याला आणलं त्याच दिवशी नाव ठेवलं. एका डोळ्याने दिसत नाही, दुसऱ्याने पाहायचं नाही आणि दिवसभर तोंड चालू, मग याला दुसरं काय म्हणायचं, असं त्याचं म्हणणं. दिघोरीचे खरे सरपंच दारावरून जात असले की कैलाशची आई गोदावरीबाई सशाला "बाळा" म्हणून हाक मारी. तेवढी लाज तिने राखली होती.

कैलाश ट्रॅक्टर चालवायचा. एकदा धान घेऊन भंडाऱ्याला गेला होता. येताना कारध्याच्या पुलाजवळ एक माणूस खोक्यात ससे घेऊन बसलेला दिसला. बाकीचे सगळे खपले, हा डोळ्यामुळे राहिला. कैलाशने त्याला शर्टाच्या आत घातला आणि घरी येऊन रुपाच्या ओंजळीत ठेवला. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. रुपाला त्या वेळी हसावं की रडावं ते कळलं नाही. शेवटी तिने मुळ्याचा पाला आणून दिला.

ससा माणसाच्या घरात ठेवायचा तर घरालाच थोडं सशाचं व्हावं लागतं. घर तरी केवढं? कवेलूंचं छप्पर, मातीच्या भिंती, समोरची एक खोली आणि मागची एक. मागे चूल, भांडी आणि अंधार, समोर बाकीचं सगळं जग. समोरच्या खोलीला एकुलती एक खिडकी, तिच्यातून तलावाकडचा रस्ता दिसे. डाव्या कोपऱ्यात सरपंचाचं घर होतं, आंब्याच्या लाकडी पेटीचं, आत धानाची तणस अंथरलेली. शेजारी पाण्याची पसरट परळ, चहूबाजूंनी दगड लावून पक्की केलेली, कारण ती हातभर सरकली तरी हा शहाणा तहानलेला बसून राही. झाडू दाराआडच. चपला उंबऱ्याबाहेरच. पाहुण्याने पिशवी वाटेत ठेवली तर कैलाश चहाच्या आधी पिशवी उचलायला सांगायचा. आणि सगळ्यांत वरचा कायदा एकच, आधी आवाज आणि मग हात. न बोलता पाठीमागून शिवलं की सरपंचाचं काळीज असं धडधडे की ते बोटांना कळे. म्हणून त्याला उचलण्याआधी काहीतरी म्हणायचं. कैलाश "आलो" म्हणायचा, बायका "आली" म्हणायच्या.

मग एका पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर ट्रॉली उलटली. कमरेखालचा कैलाश त्या दिवशी पाळीवरच राहिला, घरी आला तो वरचा. त्याला रस्ता दिसावा म्हणून खाट खिडकीला लावली, डोकं भिंतीकडे, पायथा खोलीच्या मधोमध. खाटेखाली धानाची पोती खच्चून भरली, कारण ती ठेवायला दुसरी जागा नव्हती. सरपंचाच्या पेटीपासून मागच्या दाराकडे जायची जी सरळ वाट होती, तिच्यावरच खाट आली. दोन-चार वेळा बिचाऱ्याने पोत्यांना नाक आपटलं. मग तो शिकला. पेटीतून निघायचं, खाटेच्या कडेकडेने पायथ्यापर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि दुसऱ्या कडेने मागच्या दारापाशी. रोजचा वळसा, एखाद्या देवळाला घालावा तसा.

कैलाशला खाटेवरून वाकता येत नसे. तो बोटाच्या पेराने खाटेच्या लाकडावर ठोके द्यायचा. टक टक, आणि थोडं थांबून टक. सरपंच असेल तिथून यायचा आणि मागच्या पायांवर उभा राहून नाक वर करायचा. मग हळूहळू कैलाश रुपालाही तसाच बोलवायला लागला. आवाज द्यायलाही छातीत जोर लागतो, हे तिला कळत होतं. तरी मनात चीड यायची. चुलीपाशी हात पिठात असावेत आणि बाहेरून टक टक, टक. मी काय ससा आहे, असं तिला वाटे. वाटे आणि ती जाई.

एका पहाटे मात्र ती गेली नाही. थंडी होती, संक्रांत तोंडावर आलेली. रात्रभर तिने त्याची पाठ शेकली होती आणि आत्ता कुठे डोळा लागत होता. टक टक, टक. सरपंचाला बोलावत असेल, असं तिने स्वतःला सांगितलं आणि गोधडी डोक्यावर ओढली. सारवलेल्या जमिनीवरून सरपंचाचे पाय गेल्याचं तिने ऐकलं. पुन्हा टक टक झालं. पुढचा एकटा ठोका काही आला नाही.

उजाडल्यावर पाहिलं तर कैलाशला दम लागलेला. गाडी केली, लाखांदूर, तिथून पुढे भंडारा. वाटेतच बोलणं बंद झालं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच. त्या पहाटेचं रुपाने कुणालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? बाई झोपली होती, एवढंच कुणीही म्हटलं असतं. तिने स्वतः मात्र तसं एकदाही म्हटलं नाही.

दहाव्याला भावकीतल्या बायकांनी घर सारवलं. तेरवी झाली, पाहुणे गेले. मग रुपाच्या भावाने, इश्वरने, खाटेखालची पोती मागच्या खोलीत रचली आणि खाट उचलून गावाबाहेर नेली. मेलेल्या माणसाची खाट घरात ठेवत नाहीत. रुपाने खिडकीची झडप लावून घेतली. रस्त्यावरचा जो तो आत डोकावून त्या रिकाम्या जागेकडे बघत होता आणि तिला ते सोसवेना.

त्याच दिवशी दिवेलागणीला सरपंच पेटीतून निघाला. रुपा चुलीसाठी काटक्या मोडत दारात बसली होती. तो कोपऱ्यातून आला, खाट होती तिथे थांबला आणि नाकाने कड शोधली. मग नसलेल्या खाटेच्या कडेकडेने गेला, नसलेल्या पायथ्याला वळला आणि दुसऱ्या कडेने मागच्या दारापाशी आला. रुपाच्या हातातली काटकी तशीच राहिली. सवय आहे, जाईल चार दिवसांत, असं तिला वाटलं.

चार दिवस गेले, महिना गेला. सरपंचाचा वळसा बोटभर हलला नाही. आणि कधी कधी तो मध्येच थांबायचा, उशाकडच्या बाजूला तोंड करून मागच्या पायांवर उभा राहायचा आणि नाक वर करायचा. घरात कुणी बोललेलं नसायचं, कुणी हललेलं नसायचं, आणि हा आपला हातापुढे उभं राहावं तसा उभा.

गोदावरीबाईने ते पाहिलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "हाये तो."

एवढंच. न ती रडली, न तिने कुणाला बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपाशी, जिथे कैलाशचं डोकं असायचं तिथे, ती संध्याकाळी पणती लावायला लागली.

बोलवायचं काम शेजारच्या शकुनबाईने केलं. ती दह्यासाठी विरजण मागायला आली होती, विरजण राहिलं तिथेच आणि गावात बातमी पोचली. मग माणसं यायला लागली. कुणाला मीठ हवं होतं, कुणाला काडेपेटी, कुणाची बकरी इकडे आली का ते बघायचं होतं. सगळी दिवेलागणीलाच यायची. दारात उकिडवी बसायची, सरपंच वळसा घालायचा, आणि माणसं हात जोडून निघून जायची, मीठ न नेता. एकाने तर नारळ आणला. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात, इथे एका आंधळ्या सशाने अख्ख्या गावाला देव दाखवायचं काम घेतलं होतं. रुपाला त्या माणसांचा राग येत होता आणि ती गेली की घरात एकटं राहायची भीतीही वाटत होती.

कारण तिलाही आता ऐकू यायला लागलं होतं. टक टक, आणि थोडं थांबून टक. छपराच्या बांबूत भुंगा लागलाय, तोच पोखरतोय, असं शकुनबाई म्हणाली. असेल. बांबू जुनेच होते, खाली पिवळा भुसाही पडत होता. पण भुंग्याला मध्ये थांबायचं कुणी शिकवलं, हे रुपाने तिला विचारलं नाही.

उन्हाळा लागला तेव्हा लाखांदूरच्या एका दुकानदाराने शाळेच्या गणवेशांचं काम देऊ केलं. रुपाचं पायमशीन मागच्या खोलीत पोत्यांना टेकून उभं होतं. तिथे दिवसाढवळ्या सुईत दोरा ओवता येत नसे, बल्ब लावला तर गरमीने जीव जाई. मशीनला जागा एकच होती, समोर, खिडकीखाली. तिथे ती बसली तर पोट भरण्यापुरतं काम वर्षभर मिळणार होतं. नाहीतर इश्वर म्हणत होता तसं माहेरी जाऊन भावजयीच्या हाताखाली भाकरी थापायच्या, आणि म्हातारीला भंडाऱ्याच्या चुलत दिराकडे, चंद्रकुमारकडे, पोचवायचं. त्याच्या त्या दोन खोल्यांत म्हातारी कशीबशी मावली असती, सरपंचाचं तर कुणी नावही घेतलं नसतं.

रुपाने एका सकाळी विषय काढला. मशीन खिडकीखाली ठेवते म्हणाली. गोदावरीबाई उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. तिने मान वर केली नाही. त्या जागी माणूस आहे, त्याच्या छातीवर मशीन ठेवशील का, असं ती सावकाश म्हणाली. रुपाने समजावून पाहिलं, मग आवाज चढवला, मग रडली. गणवेश शाळा उघडायच्या आत द्यायचे आहेत, दुकानदार थांबणार नाही, सशाच्या नादाने घर मोडायचं का, असं सगळं बोलली. म्हातारीने ऐकून घेतलं आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली.

"ज्या दिवशी सरपंच सरळ जाईन ना," ती म्हणाली, "त्या दिवशी मशीन ठेव. मी नाई म्हणणार नाई."

वर तिने नेहमीचं विचारलं, आज सारवणार आहेस ना? रुपा हो म्हणाली. गोदावरीबाईचे गुडघे गेल्यापासून सारवणं रुपाकडेच होतं. पण म्हातारीचं लक्ष त्यात भारी. आठवड्याला रुपा शेणमातीचा काला करून बसली की ही उंबऱ्यावर येऊन बसायची आणि जन्मात कधी सारवण पाहिलं नसल्यासारखी तिच्या हाताकडे बघत राहायची. झालं की एकच विचारायची, सारी खोली सारवली का? रुपा म्हणायची, सारी. म्हातारी मान हलवायची आणि उठायची.

तर मग सरपंचाला सरळ चालवायचं, असं रुपाने मनावर घेतलं. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, हिरवी जुडी आणली आणि खाटेच्या जागेच्या अगदी मध्ये ठेवली. ताज्या सांबारासाठी हा प्राणी जीव टाकायचा. तो आला, कडेला थांबला, मान लांब केली, नाक थरथरवलं. पाय काही टाकला नाही. तसाच वळसा घालून पलीकडे गेला आणि तिकडूनही मान लांब करून पाहिली. सांबार संध्याकाळपर्यंत सुकून गेलं. उसाचं पान ठेवून पाहिलं, गाजर ठेवून पाहिलं. गाजर शेवटी म्हातारीने खाल्लं.

एकदा तर रुपाने त्याला उचलून नेऊनच ठेवलं. "आली" म्हणाली, दोन्ही हातांनी उचललं आणि त्या जागेच्या मध्यावर सोडलं. सरपंच जमिनीला चिकटला. कान पाठीवर पाडले, सायीचा डोळा ताणून मोठा केला आणि मागचा पाय जमिनीवर असा आपटला की पणती थरथरली. सशाची ती धोक्याची खूण असते, कैलाशने तिला सांगितलं होतं. रुपाने घाईघाईने त्याला उचललं. त्याला पेटीत ठेवून ती मागच्या खोलीकडे वळली, आणि चुलीपाशी पोचल्यावर तिला कळलं की आपणही पायथ्याकडून वळसा घालूनच आलो.

मग ती भ्यायली. आजवर ती म्हातारीला वेड लागलं म्हणत होती, गावाला रिकामटेकडं म्हणत होती. आता पायांनाच काही कळत असेल तर डोक्याने काय करायचं? ती कैलाशला मनातल्या मनात म्हणाली, जा ना आता. म्हटल्याबरोबर तिला त्या पहाटेची गोधडी आठवली आणि तिने तोंडावर हात दाबून धरला. जिवंतपणी आपण गेलो नाही, म्हणून तो अजून बोलावतो आहे, असं तिला वाटून गेलं. दुसरं काही तिला सुचेना.

मे संपत आला. दुकानदाराने कापडाचे गठ्ठे पाठवून दिले होते आणि ते पोत्यांवर तसेच पडले होते. एका दुपारी सारवायचा दिवस होता. गोदावरीबाई उंबऱ्यावर पेंगत होती. उकाड्याने जीव घाबरा झाला म्हणून रुपाने महिन्यांनंतर खिडकीची झडप ढकलली. गंजलेली बिजागरी करकरली आणि तिरपा उजेड जमिनीवर आडवा पसरला.

ती कोपऱ्यापासून सारवू लागली. हाताचे अर्धगोल एकाला एक जोडत मागे मागे सरकत होती. शेणमातीचा तो ओला गार वास तिला आवडायचा, त्या वासात तिला कसलाच विचार येत नसे. पेटीपासून पुढे आली. हात उजवीकडे वळला. पुढे सरकली. हात पुन्हा वळला. ओली कड सरळ रेषेत पायथ्यापर्यंत आली आणि तिथे हाताने आपण होऊन कोपरा काढला, काटकोनात, खाटेचा खूर सांभाळून काढावा तसा.

रुपा थांबली.

तिने मागे पाहिलं. तिरप्या उजेडात जमिनीवर एक खाट होती. लाकूड नाही, दोरी नाही, नुसती तिची जागा, फिकट, कोरडी, आणि तिच्या भोवती अर्ध्या बोटाएवढा उंच काठ. त्या काठाची सावलीसुद्धा पडली होती. खाटेखाली पोती होती तेव्हापासून हात तिथपर्यंत यायचा आणि वळायचा. दर आठवड्याला एक थर, थरावर थर. दहाव्याला बायकांनीही खाटेभोवतीच सारवलं होतं, कारण खाट तेव्हा तिथेच होती. आणि ती गेल्यावर? गेल्यावर सारवणारी एकच होती.

ओला हात तसाच धरून रुपाने डोळे मिटले आणि डाव्या हाताची बोटं जमिनीवरून सरकवत नेली. गुळगुळीत, गुळगुळीत, मग काठ. बोटं काठाला लागली आणि थबकली. आंधळ्याला याहून जास्त काय सांगायला हवं? इथे संपलं, आता वळ. सरपंचाला भूत दिसत नव्हतं, त्याच्या पायांना तिच्या हाताचं काम कळत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. कैलाशला इथे कुणी ठेवलं होतं, तर तिनेच, दर आठवड्याला, शेणामातीने लिंपून, आणि तिला ते ठाऊकसुद्धा नव्हतं.

सुटका झाली म्हणून हसू यायला हवं होतं. आलं नाही. भूत असतं तर त्याला कुणी उतारा दिला असता. स्वतःच्या हातावर कसला उतारा करायचा? शेण बोटांवर वाळायला लागलं.

मग उठली. खुरपं आणलं आणि उशाकडून काठ खरवडायला घेतला. वाळलेले पापुद्रे निघत गेले, त्यांत बारीक बारीक तणस होती, कैलाशच्या दोन पावसाळ्यांची. एका थरात सरपंचाचे पांढरे केस अडकलेले सापडले. ते तिने फेकले नाहीत, खिडकीच्या कठड्यावर ठेवले. मग नवा काला केला, भिंतीपासून सुरुवात केली आणि ती सगळी जागा सारवली. कोपऱ्याशी आली की हात वळू पाही. ती त्याला डाव्या हाताने धरून सरळ नेई. दोन वेळा तिला रडू फुटलं, तेव्हा ती थांबली, डोळे खांद्याला पुसले आणि पुढे सारवलं. हे करताना तिला खून केल्यासारखं वाटत होतं, आणि ते तसं का वाटावं हेही तिला समजत होतं.

मागे वळून पाहिलं तेव्हा गोदावरीबाई जागी होती. तिने या वेळी काही विचारलं नाही.

दिवेलागणीपर्यंत जमीन वाळली. शकुनबाई आली होती, आणखी दोघी होत्या. रुपाने त्यांना हाकललं नाही. म्हाताऱ्या माणसाला फसवून मशीन ठेवायचं तर चार साक्षीदार असलेले बरे, असा एक काळा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःची किळस आली. सांगून टाकावं का? सांगितलं तर म्हातारीचा पोरगा तिच्या देखत शेणाचा काठ होऊन जाईल. न सांगावं तर तिला वाटेल तो आपणहून गेला. दोन्हींत तिला धीर होईना.

सरपंच पेटीतून निघाला. काठ असायचा तिथे आला. थांबला. नाकाने जमीन हुंगली, एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. मग उशाकडे तोंड करून मागच्या पायांवर उभा राहिला, रोजच्यापेक्षा जास्त वेळ, वर बघत, ज्या डोळ्याला दिसत नाही त्या डोळ्याने. मग तो खाली झाला आणि चालायला लागला. सरळ. पणतीसमोरून, कैलाशच्या कमरेवरून, मधोमध, मागच्या दारापर्यंत.

शकुनबाईने हात जोडले. गेला बापडा, सुटला, असं म्हणत तिघी उठल्या. त्या गेल्यावर गोदावरीबाई भिंतीपाशी गेली, वाकली आणि पणती उचलून आतल्या देवापुढे ठेवून आली. येऊन रुपासमोर बसली.

"मशीन आण," ती म्हणाली.

रुपाला राहवलं नाही. तिने सांगायला तोंड उघडलं, काठाचं, खुरप्याचं, हाताचं. म्हातारीने तिला पुरतं बोलू दिलं नाही.

"माह्या जलम सारवण्यात गेला, बाई. मले काठ दिसत नाई का? तेरवीपासून पाहून राहिली मी."

"मंग बोलल्या काहून नाई, आई?"

गोदावरीबाईने रुपाचा उजवा हात हातात घेतला. नखांत अजून शेण होतं. तिने तो उलटा केला, सुलटा केला, दुकानातली वस्तू पारखून परत ठेवावी तसा रुपाच्या मांडीवर ठेवला.

"सशाले कायले पाहू मी? मी तुया हात पाहत होती. तो वळे तवर मले वाटे, माह्या पोराले कोणीतरी ठेवून हाये घरात. आज सरळ गेला. आता ठेव मशीन."

म्हातारी तिथेच, त्या नव्याने सारवलेल्या जागेवर आडवी झाली आणि पहिल्यांदा रडली. मुलगा गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. रुपा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सरपंच मागच्या दारातून परत आला, सरळ यायला लागला आणि म्हातारीच्या पायांना अडखळला. त्याने तिला हुंगलं. मग तिच्याभोवती वळसा घालून आपल्या पेटीत गेला.

दुसऱ्या दिवशी मशीन खिडकीखाली आलं. सरपंचाची वाट अडू नये म्हणून रुपाने मशीन भिंतीला चिकटवून लावलं, मधली जागा मोकळी ठेवली. उजेड थेट सुईवर पडत होता. निळं कापड पायाखालच्या ठेक्यावर सरकत गेलं आणि दुपारपर्यंत तिने मान वर केली नाही. गोदावरीबाई मागे कुकरच्या शिट्ट्या मोजत होती.

मग शिवण संपली म्हणून रुपाने पाय थांबवला, आणि त्या शांततेत ते आलं. टक टक.

तिचे दोन्ही हात कापडावर होते. वर बांबूतून पिवळा भुसा गळत होता. पेटीतून सरपंच उठला, सरळ तिच्या पायापर्यंत आला आणि मागच्या पायांवर उभा राहून नाक वर केलं. भुंगाच असेल. असेलही. रुपा थांबली, तो एकटा ठोका यायची वाट बघत. त्या पहाटे तो आला नव्हता, आजही आला नाही.

आधी आवाज, मग हात. रुपाने कापड मांडीवर ठेवलं.

"आली," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.